राब भाजणारी आजी आणि विमानात न बसणारी नात

तुम्हा दोघा नातवंडांना मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. म्हणून हे तुमचे बाबा तुम्हाला वाचून दाखवतील. इंग्रजीत लिहिणं मला अवघड नव्हतं. इंग्रजी शाळेत मी भूगोल शिकवला, माझं स्वतःचं शिक्षणही इंग्रजीतच झालं. पण इंग्रजीत लिहायला बसलं की माझ्या हातून शाळेचा वार्षिक अहवाल तयार होतो. सगळं नीट, जागच्या जागी, आणि त्यात मी कुठेच नसते. या वेळी तसं व्हायला नको होतं.

कुसगावच्या या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा छताला पंख्याचे हूकसुद्धा ठेवले नव्हते. तुमचे आजोबा म्हणाले होते, लोणावळ्यात पंखा लावला तर लोक हसतील. आता प्रत्येक खोलीत पंखा आहे, आणि मधल्या खोलीत एसी आहे. तो तुमच्यासाठी बसवला होता. त्या उन्हाळ्यात तुम्ही येणार होतात, ते राहून गेलं. बंद ठेवला तर मशीन खराब होतं असं बसवणारा सांगून गेला, म्हणून अधूनमधून मी तो चालू करते आणि रिकाम्या खोलीत थोडा वेळ बसते. थंड होते खोली. मग बंद करून दार ओढून घेते.

हवा का तापते हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवत असे. सूर्याचं ऊन हवेतून आरपार खाली येतं, जमीन तापते, आणि जमिनीची उष्णता परत वर जाताना हवेतला कर्बवायू ती अडवतो. हा वायू मुळात असतोच, तो नसता तर पृथ्वी गोठली असती. बिघडलं ते माणसाने जमिनीखालचा कोळसा आणि तेल काढून जाळायला सुरुवात केल्यावर. जो कर्ब कोट्यवधी वर्षं खाली गाडलेला होता तो आपण थोड्या पिढ्यांत वर सोडला. त्यातला काही भाग हजारो वर्षं हवेतच राहणार आहे. तापलेली हवा पाण्याची वाफ जास्त धरून ठेवते, म्हणून आता पाऊस ओढ देतो आणि मग एकदम कोसळतो. परीक्षेला पाच गुणांचा प्रश्न असायचा. मुली धडाधडा उत्तर लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळायच्या, आणि मीही.

तुमच्यातली थोरली मात्र पुढच्या प्रश्नाकडे वळली नाही. तुमच्या स्वीडनमध्ये कॉलेजातल्या काही मुलामुलींनी ठरवलं की विमानात बसायचं नाही. हिनेही ठरवलं. तिने मला फोन केला. म्हणाली, "आजी, एका विमानप्रवासात मी जेवढा धूर करते तेवढा तुझ्या गावातला माणूस वर्षभरात करत नसेल." मी म्हटलं, शाबास. खरोखर मनापासून म्हटलं. मी शिकवलेलं कुणीतरी इतकं मनावर घेतलं, ते माझ्याच घरातलं निघालं, याचा अभिमान वाटला.

फोन ठेवल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. माझ्या पायात रक्ताची गाठ झाल्यापासून डॉक्टरांनी मला लांबचा विमानप्रवास बंद केलेला आहे. म्हणजे मी तिकडे जायची नाही, आणि ती इकडे यायची नाही. रेल्वेने येण्याचा रस्ताही तिने नकाशावर शोधून पाहिला होता. मध्ये कुठे युद्ध, कुठे सीमा बंद. धाकटा आईबाबांबरोबर येईल तेव्हा येईल. पण थोरलीची आणि माझी भेट या जन्मात झाली ती झाली, असा त्याचा सरळ अर्थ होता. तुमच्या बाबांचा फोन आला. "आई, तू एकदा ‘ये’ म्हण तिला. तुझ्या शब्दाला ती नाही म्हणणार नाही." मी म्हटलं, बघते. आणि बघत राहिले.

शेजारच्या ताई तुम्हाला आठवतील, पोस्टातून निवृत्त झालेल्या, दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाणाऱ्या. त्यांचं माहेर टाकव्याच्या पुढे आंदर मावळात आहे, त्यांचे भाऊ तिथे भातशेती करतात आणि ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. उन्हाळ्यात एक दिवस ताई चहाला आल्या आणि म्हणाल्या, "बाई, उद्या माझ्या माहेरी चला. ग्रामसभा आहे. हवामानबदलाचा आराखडा वाचायचाय, आणि तो कुणाला कळत नाहीये. भाऊ म्हणाला, तुझ्या त्या भूगोलवाल्या बाईंना आण."

"मला काय कळणार सरकारी भाषा?"

"तुम्हाला निदान कळत नाही हे तरी कळेल. आमच्यातल्या निम्म्यांना वाटतं आपल्याला कळलं." ताईंचं बोलणं हे असं.

लोकलने कान्ह्याला उतरलो, तिथून सहा आसनी रिक्षात दहा माणसांत बसून गावात. सभा समाजमंदिरात होती. पुढे कृषी सहायक, तरुण, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने आराखडा माझ्या हातात दिला. मी वाचत गेले आणि सोप्या भाषेत सांगत गेले. सौर दिवे, झाडं, ओला कचरा कुजवणं. मग एक मुद्दा आला: खारफुटीच्या जंगलाचं रक्षण करणे व समुद्राची पातळी वाढल्यास स्थलांतराचं नियोजन करणे.

मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या हितं समुद्र कवा आला? मला सांगितलं न्हाई कुनी."

"तू पुन्याला गेलतास तवा आला."

सगळे हसले. सहायक खजील झाला. नमुना कोकणातल्या कुठल्या तरी गावाचा होता, नावं बदलताना ते कलम तसंच राहिलं होतं. त्याने ते पेनाने खोडलं. त्यानंतरचा मुद्दा मात्र याच गावचा होता. राब भाजणी बंद करणे.

तुम्ही राब पाहिलेला नाही. मावळात भाताची रोपं जिथे वाढवायची त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर देतात, वर माती पसरतात आणि पेटवून देतात. जमीन भाजून निघते. तणाचं बी मरतं, राख मिसळते, माती भुसभुशीत होते आणि पुढे रोप उपटताना मूळ तुटत नाही. मार्चपासून डोंगरांच्या पायथ्याशी हे धूर दिसू लागतात. आराखड्यात लिहिलं होतं की यामुळे तापमानवाढ होते, तेव्हा भाजणी सोडून गादीवाफ्यावर, म्हणजे मातीच्या उंच सपाट वाफ्यावर, रोपं करावीत.

खाली बसलेल्या बायकांतून एक आजी बोलल्या. माझ्याच वयाच्या असतील. "ह्यो धूर वाईट, म्हंजी म्हामार्गावरच्या गाड्यांचा चांगला का वो, बाई?"

मी म्हटलं, "नाही. तो जास्त वाईट." आणि जे खरं आहे ते सांगितलं. पाल्यातला कर्ब झाडांनी अलीकडेच हवेतून घेतलेला असतो; तो परत हवेत जातो आणि नवा पाला फुटला की पुन्हा झाडात येतो. पेट्रोलचं तसं नाही, तो जमिनीखालचा जुना कर्ब, त्याला परत जायला जागा नाही. राबाने नुकसान होतं ते दुसरं. फांद्या तोडतोडून झाडं खुरटतात, धुराने छाती भरते, जमिनीतले जीव मरतात. सोडता आला तर बराच. पण जग तापलंय ते राबाने नव्हे.

सहायकाने मान डोलावली. "बाई म्हणतात ते खरंय. पण मला वरून जे आलंय ते मी वाचतो."

"मग म्या न्हाई भाजलं," आजी त्याला म्हणाल्या, "तर पाऊस पयल्यासारखा पडंल का?"

"एकट्या तुमच्यामुळे नाही, आजी."

"मग माज्या एकटीच्या मागं का लागलाय?"

"एकटीच्या नाही. सगळ्यांनी करायचं आहे."

"सगळे कंचे? माजी पोरं चाकनला. सुना तितंच. गादीवाफ्यावर तण लय येतं. ते काढाया वाकायचं कुनी? माजी कंबर तर तुमी बघताच. आग माजं काम करती, बाबा. आग बोलावली की येती. पोरांचं तसं न्हाई."

कुणी हसलं नाही. ताईंचे भाऊ म्हणाले, "ए मावशे, आमी हाय की."

"तू हायेस व्हय? मागल्या लावनीला कुटं गेलतास?"

आता सगळे हसले, भाऊही हसले. पण मग त्यांनी ते धरूनच ठेवलं. म्हणाले, बाईमाणूस एकटं असंल तिथं बंदी घालून भागायचं न्हाई, आधी मानसं द्या. बराच वेळ चर्चा झाली. बचत गटातल्या दोघीतिघी म्हणाल्या, आजींच्या वाफ्यातलं तण आम्ही काढू. शेवटी असं ठरलं की ज्यांच्या घरात हात आहेत त्यांनी यंदा निम्म्या तुकड्यावर राब न करता पाहावं, आणि ज्या एकट्या आहेत त्यांच्याकडे गटाने जावं. तोवर त्यांच्यावर सक्ती नाही. मोठ्या देशांच्या परिषदांतही घोळ याच प्रश्नाचा असतो, कुणी किती सोडायचं आणि सोडणाऱ्याच्या मागे कोण उभं राहायचं. तिथे वर्षानुवर्षं जातात. इथे दुपारच्या जेवणापर्यंत आटोपलं, अर्थात पाळलं जाईल की नाही ते वेगळं.

सभा उठल्यावर आजी माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुमची पोरं कुटं असत्यात?"

मी सांगितलं.

"येत्यात का?"

"नात विमानात बसत नाही. धूर होतो म्हणून."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी टोमणा मारतील. त्या म्हणाल्या, "पोरगी खरी दिसती. आन तुमी काय म्हनला तिला?"

"शाबास म्हटलं."

"आन?"

"आणि काही नाही."

"म्हंजी तिला वाटत आसंल, म्हातारीचं बरं चाललंय." एवढं म्हणून त्या चपला शोधायला उठल्या.

परतीच्या लोकलमध्ये ताई खिडकीशी डुलक्या काढत होत्या. मी विचार करत होते की त्या आजींनी सगळ्या गावासमोर सांगितलं, मला कुणी नाही, म्हणून मला आगीचा आधार लागतो. लाजल्या नाहीत. त्या बोलल्या म्हणून गावाला निर्णय बदलता आला. न बोलता घरी जाऊन चोरून राब पेटवला असता तर आराखडा कागदावर उत्तम राहिला असता. थोरलीनेही सगळं मोजून निर्णय घेतला होता. विमानाचा धूर मोजला, रेल्वेचे रस्ते मोजले, येणाऱ्या पिढ्या मोजल्या. मी तिच्या मोजणीत नव्हते, कारण मी शाबास म्हणून बाजूला झाले होते.

"तू ये" असं म्हणणं मला बरोबर वाटत नव्हतं. माझा शब्द ती मोडणार नाही, हे तुमचे बाबा म्हणाले ते खरं आहे, आणि म्हणूनच तो शब्द टाकणं म्हणजे तिच्यावर सक्ती झाली असती. "येऊ नकोस" हेही खोटं. रविवारी, तुमच्याकडे सकाळ असताना, मी फोन केला. आधी ग्रामसभेची गंमत सांगितली, समुद्राची. ती खूप हसली. मग मी म्हटलं, "तुझा निर्णय मला पटतो. तो मोड असं मी म्हणणार नाही. पण तू ठरवलंस तेव्हा एक गोष्ट तुला माहीत नव्हती, ती सांगते. मी इथे फार एकटी आहे. आजोबा गेल्यापासून आहे, आणि आता जास्त. तुला पाहावंसं वाटतं. हे धरून काय ते ठरव, आणि जे ठरवशील ते मला चालेल असं मी म्हणणार नाही, कारण चालेलच असं नाही."

तिच्या खोलीतली केटल उकळल्याचा आवाज आला आणि बंद झाला.

"आजी, तू हे आधी का नाही बोललीस?"

"आमच्याकडे असं बोलून दाखवत नाहीत," मी म्हटलं.

"मला विचार करायला वेळ दे," ती म्हणाली. "आत्ता लगेच नाही ठरवता येणार."

"घे."

ती रडत होती की काय ते फोनवर नीट कळलं नाही. नंतर म्हणाली की ती येईलच असं वचन देत नाही. आली तर आठवड्यासाठी येणार नाही, एकदाच येईल आणि एक अख्खी सहामाही राहील, कॉलेजला विचारून. या वर्षी मात्र ते होणार नाही. मी बरं म्हटलं. पुढच्या वर्षी माझी तब्येत कशी असेल हे तिने विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही, पण आम्हा दोघींच्याही मनात ते होतं, हे तिच्या सावकाश बोलण्यावरून कळत होतं.

तेव्हापासून ती रविवारी फोन करते, आणि काय चाललंय असं विचारण्याऐवजी कालचा दिवस कसा गेला असं विचारते. मी खरं सांगते. बहुतेक दिवस काही घडलेलं नसतं, तेच सांगते. परवा ताईंकडून कळलं की गटातल्या बाया आजींच्या वाफ्यावर एकदा जाऊन आल्या, दुसऱ्यांदा गेल्या नाहीत. आजींनी अर्ध्या तुकड्यावर पेरणीआधीच राब भाजला होता; तण आहे ते उरलेल्या अर्ध्यात. हेही मी थोरलीला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडे परत कोणीतरी जायला हवं ना?" मी म्हटलं, हवं. बुधवारी ताई आणि मी जाणार आहोत. आम्हा दोघींच्याही कमरा काही चांगल्या नाहीत, वाकून तण किती निघेल देव जाणे, पण बांधावर बसून आजींशी बोलता तरी येईल.