सुया निघेपर्यंत

धाकटीला घरात धाकटीच म्हणायचे, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आली तरी ते काही सुटलं नाही. आई कधीच गेली. थोरली लग्न होऊन लांबच्या शहरात. राहिले दोघं, ती आणि बाबा. बाबांनी उभा जन्म बस चालवली. ते कधी उशिरा आले नाहीत की लवकर सुटले नाहीत. मग मूत्रपिंडांनी हात टेकले आणि एक दिवसाआड डायलिसिस मागे लागलं. दवाखान्यात जाऊन सुया टोचून घ्यायच्या आणि यंत्र रक्त धुऊन देईपर्यंत पडून राहायचं. बाबा पलंगाला खिळलेले, धाकटी शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला.

सुया टोचलेल्या डाव्या हाताला घड्याळ चालत नसे, आणि उजव्यात घालायला बाबा तयार नव्हते. "उलटा शर्ट घातल्यासारखं वाटतं," म्हणायचे. म्हणून मग दर थोड्या वेळाने, "किती झाले गं?"

"आत्ताच विचारलंत ना, बाबा!"

"आत्ता कुठे? बराच वेळ झाला."

त्याच सुमारास मानसशास्त्राच्या सरांनी वर्गाला लिहायला दिलं, रोजच्या जगण्यात वेळ आपल्याला कसा जाणवतो. पुस्तकातलं नको, स्वतःचं. मैत्रिणींनी परीक्षेच्या हॉलबद्दल लिहिलं, कुणाच्या तरी फोनची वाट पाहण्याबद्दल लिहिलं. धाकटी खुर्चीत बसून विचार करू लागली. सुया टोचायच्या आधीची मिनिटं पळत सुटायची, शेवटचा तास मात्र जागचा हलायचा नाही. आणि गंमत म्हणजे, घरी गेल्यावर एवढी लांबलचक सकाळ चिमूटभर होऊन जायची. आठवायला काही नसायचंच तिच्यात. अशा किती सकाळी गेल्या, कुणास ठाऊक. तिच्या आठवड्याला आता वारच उरले नव्हते. एक यंत्राचा दिवस, एक यंत्राच्या आधीचा.

एके दिवशी तिने मनाचा हिय्या केला.

"बाबा, मला पुढचं शिकायला बाहेर जायचंय. ताईच्या शहरात."

बाबा छताकडे बघतच म्हणाले, "जा की. मी काय, येईन रिक्षाने. लहान आहे का मी?"

धाकटीला वाटलं, छातीवरून कुणीतरी उठून गेलं. ती काही बोलणार, इतक्यात दिवे गेले. पंखे थांबले, एकेक यंत्र केकाटायला लागलं. खाली जनरेटर नुसताच खोकला. बाकीची यंत्रं बॅटरीवर सावरली, बाबांचं जुनं यंत्र मात्र गप्प झालं.

सिस्टर धावत आली. तिने यंत्राचा पुढचा दरवाजा उघडला, एक दांडा काढून पंपाला लावला आणि धाकटीचा हात धरून त्यावर ठेवला.

"फिरव. या बाणाच्या दिशेने. एका लयीत. थांबलीस तर नळीतलं रक्त गोठेल."

आणि ती पुढच्या पलंगाकडे पळाली.

धाकटी फिरवत राहिली. नळीतलं लाल रक्त तिच्या मनगटासरशी पुढे सरकत होतं. मनगट भरून आलं, घाम डोळ्यांत उतरला, पण पुसायचा कसा? बाबा तिच्याकडे टक लावून बघत होते.

"सावकाश," ते म्हणाले. "घाटात असंच. घाई नाही करायची."

दिवे आले तेव्हा तिची बोटं दांड्यावरून सुटेनात.

"किती वेळ फिरवत होते मी?"

"पाच-सात मिनिटं असतील," सिस्टर म्हणाली. धाकटीला वाटलं होतं, दुपार टळली.

परतताना रिक्षात बाबांनीच विषय काढला. "मग अर्ज कधी भरतेस?"

"बघू."

"बघू काय? जा म्हटलं ना मी."

"आणि दिवे गेले तर?"

"सिस्टर आहे की."

"सिस्टर एक, पलंग सहा."

अर्जाची मुदत आली नि गेली. तिने भरला नाही, त्यांनी विचारलं नाही. निबंधावर सरांनी 'छान निरीक्षण' असा शेरा दिला.

सुट्टीत थोरली आली. "आज मी बसते बाबांजवळ. तू जा, हुंदड जरा," म्हणाली. धाकटी मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली. पडद्यावर माणसं हसत होती, भांडत होती. हिच्या मनात, आता सुया टोचल्या असतील, आता बाबांच्या पायात गोळे येत असतील, ताईला दाबायला सुचेल का? मध्यंतरात ती उठली.

"अगं, बस ना! खरी मजा तर आता आहे!"

ती ऐकायला थांबलीच नाही. दवाखान्यात बाबांना झोप लागली होती. थोरली मोबाइल बघत होती.

"तू कशाला आलीस? आजचा दिवस तुझा होता ना?"

"होता गं," धाकटी म्हणाली. "पण जातच नव्हता."

पलंगाच्या दुसऱ्या बाजूला एक स्टूल होतं. ते तिने ओढून घेतलं.