इंद्रलोक ते तारोडी, ॲल्युमिनियमच्या हौद्यासह

पिकअप गाडीतून माणूस प्रवास करतो तो बहुधा बिऱ्हाड हलवताना. मी केला तो परीक्षेला निघालेल्या गाडीचा पालक म्हणून. अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. बर्फ दिसल्याशिवाय प्रवासवर्णन वाचायचं नाही असा ज्यांचा नेम आहे, त्यांनी धीर धरावा. बर्फ येणार आहे, आणि चांगला दणकून येणार आहे.

गाडी माझ्या मावसभावाची, नंदूची. हा भाईंदर पूर्वेला इंद्रलोकात राहतो. नावावर जाऊ नका. अप्सरा नाहीत, पार्किंगवरून होणारी युद्धं मात्र पुराणातल्या तोडीची आहेत. गेल्या वर्षी त्याचं ऑफिस बंद पडलं, तेव्हा त्याने जुनी पिकअप घेतली. मासळीचं खारं पाणी लोखंड खातं म्हणून मागचा हौदा ॲल्युमिनियमचा बसवून घेतला. नातेवाईक म्हणाले, "डब्याच्या पत्र्यात कोणी माल नेतं का?" मी मात्र त्याची बाजू घेतली आणि वर एक मौलिक सल्लाही दिला. तो काय, ते पुढे येईलच. लपवण्याचा माझा बराच प्रयत्न झाला.

परवा त्याचा फोन. "दादा, रविवारी तारोडीला येतोस? मॅगीमावशी हौदा बघणार आहे."

तारोडी हे समुद्राकाठचं मासेमारीचं गाव, तिथे मॅगीमावशींच्या दोन होड्या आहेत. बर्फ आणायला आणि मासळी भाईंदरच्या बाजारात पोचवायला त्या हंगामभर एकच गाडी लावतात. आधीच्या टेम्पोचा लोखंडी हौदा इतका गंजला की रस्ताभर मासळीचं पाणी शिंपत जायचा. नंदू अधूनमधून त्यांच्या खेपा मारत होता. आता त्यांनी निरोप धाडला होता, वरून बर्फ टाकून बघू, हौदा टिकला तर हंगाम तुझा.

"आणि नाही टिकला तर?"

"गाडी विकतोय. मग कुठेतरी चिकटेन, कोणी चिकटवलं तर."

"मी येऊन काय करू?"

"तू बोलतोस ना छान!" एवढ्या स्तुतीवर मी लगेच हो म्हटलं.

रविवारी सकाळी सहाला निघालो. नंदूची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, खाली आल्या होत्या. "भाऊजी, तिथे संस्कृत नका सुरू करू हं. मावशीला घाई असते."

पूल ओलांडून पश्चिमेला आलो. इथे रविवारी फाफडा-जिलबी खाल्ल्याशिवाय पुढे जाणं अशिष्ट समजलं जातं. दोघांचं दोनशेच्या आत भागतं, सोबत संभारा, म्हणजे कच्च्या पपईचा परतलेला कीस, मागून घ्यावा. पुढे मुर्धा, राई, मोर्वा ही गावं, मग दोन्ही बाजूंना मिठागरं आणि खारफुटी. रस्ता अरुंद आहे आणि समोरून येणारी बस तो स्वतःचा समजते. ज्यांना नंदू नाही त्यांनी भाईंदर पश्चिमेहून हीच बस किंवा रिक्षा पकडावी, डोंगरीला उतरावं आणि उताराने तारोडीकडे चालत जावं. वाट चुकायची भीती नाही. वाळत घातलेले बोंबील नाकाला धरून नेतात.

मॅगीमावशी साठीच्या, कंबर कसलेल्या, हातात कोयता. आम्हाला पाहून म्हणाल्या, "ह्यो कोन आनला? वकील?"

"माझा दादा, मावशी. शिकलेला आहे."

"मंग गप बसाला शिकवलाय का त्याला?"

न्यायशास्त्रात ज्ञान मिळवायची साधनं सांगितली आहेत. ॲल्युमिनियम टिकतं, हा कारागिराचा शब्द. वर्षभर टिकलं तर पुढेही टिकेल, हे नंदूचं अनुमान. मावशींना दोन्ही नामंजूर. त्या पक्क्या प्रत्यक्षवादी. "पास्कू, टाक रं!"

पास्कू म्हणजे त्यांचा हमाल. त्याने बर्फाची अख्खी लादी खांद्याएवढ्या उंचीवरून हौद्याच्या मागच्या टोकाशी सोडली. असा आवाज झाला की शेजारच्या मांजरांनी गाव सोडलं. नंदूने डोळे मिटले. दुसरी लादी. तिसरी. मग होडीचा नांगर आला, तोही तसाच आदळला. मावशींनी वाकून बोट फिरवलं.

"पोचे आलं. फाटला न्हाय. लोखंडाला इतकं पोचे आलं नसतं."

"पण गंज बघा मावशी, कुठे आहे?" नंदू म्हणाला.

"न्हाय. गंज न्हाय." त्यांनी मान डोलावली, आणि नंदूच्या चेहऱ्यावर वर्षभरात प्रथमच रंग आला. "आता फुडं टाक. त्यो गोनपाट काड."

हौद्याच्या पुढच्या भागावर दुहेरी गोणपाट घट्ट ताणून बांधलेलं होतं.

"मावशी, तिकडे नको!" नंदू आडवा आला. "तो भाग नवा आहे."

"वरीसभर गाडी चालवतोस नं नवा कसा?"

"ओरखडासुद्धा पडू दिलेला नाही. दादानेच सांगितलं होतं, नवी वस्तू झाकून वापरावी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मौलिक सल्ला तो हाच. गोणपाटही माझ्याच माळ्यावरचं होतं. मला बोलण्यासाठी आणलं होतं आणि नेमका बोलायचा प्रसंग आला, तेव्हा मी समुद्राकडे पाहू लागलो.

पास्कूने दोऱ्या कापून गोणपाट ओढलं. ओलं, जड, खाऱ्या वासाचं. खालचा पत्रा पांढऱ्या भुकटीने माखला होता. मावशींनी कोयत्याच्या पाठीने ती खरवडली, तर खाली देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे. मागे वर्षभर टब घासले, क्रेट आदळले, तिथे फक्त ओरखडे आणि पोचे. इथे काहीच आदळलं नव्हतं, आणि इथेच पत्रा पोखरला होता.

नंदू खाली बसला. "गेला हंगाम," एवढंच म्हणाला.

मी म्हणालो, "मावशी, चूक माझी आहे. गाडी त्याची, अक्कल माझी."

"ती दिसतेच." त्या नंदूकडे वळल्या. "ॲल्युमिनच्या टोपात मासलीला मीठ लावून कवा ठेवलास? आमी न्हाय ठेवत. रातभर ओला मीठ बसला का टोपाला भोकं परतान. तुना तं वरीसभर बसवला! ह्या पत्र्याला मार चालतो, धुतला तं मीठबी चालतो. घुसमट न्हाय चालत."

मग त्यांनी प्रत्येक खड्ड्यात कोयत्याचं टोक टेकवून पाहिलं. आरपार एकही गेला नव्हता. टोकावरची भुकटी पुसून त्यांनी कोयता कमरेला खोचला.

"सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या. "दर खेपेला गोऱ्या पान्यान धुवाचा, उन्हात सुकवाचा. आनि ह्यो वकील परत आनाचा न्हाय."

गोरं पाणी म्हणजे गोडं पाणी. नंदूने दोन्ही अटी तत्काळ मान्य केल्या. दुसरी जरा जास्तच तत्काळ. जेवायला मात्र वकिलालाही बोलावलं. तव्यावरचे ओले बोंबील, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. पैसे विचारले तर कोयता दाखवला.

ज्यांना असा हौदा बसवायचा असेल त्यांच्यासाठी माझं प्रत्यक्ष ज्ञान: हलका आहे, उघडा आणि कोरडा राहिला तर गंजत नाही, पोचे पटकन येतात. फाटलाच तर कोपऱ्यावरचा वेल्डर हात लावत नाही, जाणता शोधावा लागतो. लोखंडी बोल्ट वापरू नका, स्टेनलेसचे घ्या. आणि माझ्यासारख्या माणसाला विचारू नका.

दुपारी इंद्रलोकात परतलो. वॉचमनने हौद्यात डोकावून कपाळाला हात लावला. "अरे नंदूभाई, गाडी किधर ठोकी?"

ओरखड्याच्या भीतीने ज्याने वर्षभर झोप घालवली तो माणूस ऐटीत खाली उतरला. "ठोकी नहीं रे. काम लग गया."

घरी आलो आणि कोणाला न विचारता आमच्या गाडीच्या सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक फाडायला घेतलं. खाली सीटवर पेशव्यांच्या काळातली वाटावी अशी बुरशी होती. आवाज ऐकून बायको गॅलरीत आली.

"अहो, काय करताय? नवी गाडी आहे ती!"

"सहा वर्षं झाली घेऊन."

"मग काय झालं? जपून वापरलीये."

मी काही बोललो नाही. तेवढं तारोडीला शिकून आलो होतो.