कमानीची भोकं

माझं काम ऐकून लोक हसतात. काचेच्या धाग्यांचे थर रेझिनमध्ये चिकटवून केलेली फायबरची पट्टी घ्यायची, मधोमध भोक पाडायचं, मशीनच्या जबड्यात धरायची आणि ओढ-सोड, ओढ-सोड, लाखो वेळा. "याचा पगार देतात?" असं काळाचौकीतल्या आमच्या चाळीत मला तोंडावर विचारलंय. देतात हो, देतात.

बाबा फायबरचे कारागीर. आमच्या गणपती मंडळाची प्रवेशाची कमान त्यांच्याच हातची. मंडळाची रीत अशी, की कमान तीच, वरची सजावट मात्र दर वर्षी नवी. म्हणजे नवे बोल्ट आले, नवी भोकं आली. जुनी भोकं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, रंग मारून बुजवायची. खालून दर्शनाची रांग जाते.

दोन वर्षांपूर्वी एका कार्यकर्त्याने त्या भोकांबद्दल शंका काढली. बाबांनी मला विचारलं. माझ्या पट्ट्यांचे निकाल नुकतेच आले होते आणि मी भलतीच खुशीत होते. भोकाच्या कडेला बारीक चिरा पडतात, त्यामुळे तिथे साठलेला ताण पसरतो आणि पट्टी सुरुवातीला कमजोर होत नाही, कधी कधी थोडा जास्तच भार घेते. यात खोटं काही नव्हतं. मी म्हणाले, "बिनधास्त राहा." बाबांनी ते मंडळात ज्याला-त्याला ऐकवलं. "माझ्या मुलीने मशीनवर बघितलंय!"

यंदा तशाच पट्ट्या आम्ही ओव्हनमध्ये तापवत ओढल्या. रेझिन मऊ पडलं, भोकाभोवतीचे थर एकमेकांपासून सुटले आणि पट्ट्या फारच लवकर गेल्या. डबा खाताना मला एकदम कमानीवरचे हॅलोजन आठवले. उत्सवभर पेटलेले, बोल्टांना अगदी खेटून. मी डबा तसाच बंद केला. इतकी साधी गोष्ट, आणि मी शहाणी ती विसरले होते!

घरी येऊन बाबांना सांगितलं.

"मगे तेव्हा काय सांगलंस तां?"

"ते थंड पट्टीचं होतं, बाबा. दिव्यांची उष्णता मी धरलीच नव्हती."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. आम्ही मंडळाच्या गोडाऊनमध्ये गेलो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्यांनी कमान ठोकून पाहिली. इतर ठिकाणी टणटणीत वाजत होती, भोकांजवळ बद्द; आत थर सुटले होते. रंगावर साधा ओरखडाही नव्हता.

रविवारी मंडळाची मीटिंग होती. सगळं समजावून सांगायला मी रिपोर्ट घेऊन गेले होते. कमान यंदा उभी करायची नाही, असं बाबांनी सांगताच एकाने विचारलं, "पण काका, तुमच्या मुलीने तर पास केली होती ना?"

"ती बरोबरच बोलली होती," बाबा म्हणाले. "मीच तेव्हा रेझिन हलकं वापरलं होतं."

हलकं रेझिन! ते वापरायला सांगितलं म्हणून हातात आलेली कामं सोडून आलेला माणूस हा. मला इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"मग आता नवी कमान बाहेरूनच करून घेऊ," अध्यक्ष म्हणाले. बाबा "बरं" म्हणाले आणि खाली बसले. त्यानंतर मंडपाच्या कापडावर चांगला अर्धा तास चर्चा चालली. बोलायला मला भरपूर वेळ होता. मी बोलले नाही.