चुगली कोणी केली

इतकी वर्षं झाली, तरी त्या जळालेल्या झोपडीचं प्रकरण माझ्या मनातून गेलेलं नाही.

देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकतीच झाली होती. चांदा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी मी फौजदार होतो. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, कायद्याने गेली होती, पण गाव मत देणार ते जुन्या मालगुजाराला विचारूनच, असं सगळेच धरून चालत. तलावातली मासळी विकून जगणाऱ्या ढिवर मोहल्ल्याने मात्र गुपचूप दुसऱ्या उमेदवाराला मतं दिली. तलाव मासेमारांच्याच हाती देऊ, असा त्याने शब्द दिला होता.

मालगुजाराचा माणूस निवडून आला. निकालानंतर मालगुजाराच्या दिवाणजीने तलावाच्या पाळीवर लाठीवाली माणसं उभी केली आणि जाळी टाकणं बंद पाडलं. "तुमच्या मोहल्ल्यानं काय केलं, ते आमाले समजलं," एवढंच तो म्हणाला.

पडद्याआड टाकलेलं मत याला कळलं कसं? मोहल्ल्याला एकच उत्तर सुचलं. कोणीतरी चुगली केली. मालगुजाराच्या घरी मासळी पोचवणारा एक अबोल, उतारवयाचा माणूस होता, त्याच्यावर संशय गेला. त्याच्याशी बोलणं बंद झालं, विहिरीवर त्याच्या बायकोला बाया वाट देईनात.

एका बाजाराच्या दिवशी दुपारी त्याची झोपडी पेटली. तो बाजारात होता. बायको तापाने आत पडून होती. त्याच्या पुतण्याने आगीत शिरून तिला बाहेर ओढलं, पण दवाखान्यात नेताना बैलगाडीतच ती गेली.

"चुलीतून पेटलं असंल," सगळ्यांनी एकाच सुरात जबानी दिली. पंचनाम्यात वेगळंच दिसलं. चुलीकडची भिंत आणि वरचं छप्पर निम्मं शाबूत होतं, आग मागच्या वळचणीला लागली होती. मग बाजारात बांगड्या विकणारी एक बाई माझ्या हवालदाराजवळ बोलून गेली. धूर दिसायच्या जरा आधी पुतण्या झोपडीमागून घाईने येताना तिने पाहिला होता, हाक मारली तरी तो थांबला नव्हता.

मी त्याला ठाण्यात बोलावलं. भाजलेल्या दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. दम दिला नाही. आधी त्याला पाणी पाजलं, मग विचारलं, "काकू आत आहे, हे तुला ठाऊक होतं?"



"नाई साहेब. काकी दर बाजाराले जाते. मले वाटलं घर खाली आहे. तिचा आवाज आला तवा समजलं. काकाले गावातून घालवाचं होतं, बस. त्यानं आमच्या पोटावर पाय देल्ला."

"त्याने चुगली केली, हे तुला कोणी सांगितलं?"

"सारा मोहल्ला म्हणून राह्यला."

त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह, आणि कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. मोहल्ल्याजवळच्या शाळेत फक्त मोहल्ल्याचंच मतदान झालं होतं. चांद्याला मोजणीच्या बंदोबस्तावर मी होतो. त्या शाळेच्या पेट्या उघडल्या, तेव्हा दिवाणजी उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून समोरच बसलेला मी पाहिला होता. दुसऱ्या उमेदवाराची पेटी भरलेली, मालगुजाराच्या माणसाची जवळजवळ रिकामी. त्याला कोणी काही सांगायची गरजच नव्हती.

हे मी पोराला समजावून सांगितलं.

"मंग कोनीच नाई सांगतलं?" त्याने विचारलं.

"कोणीच नाही."

मॅजिस्ट्रेटसमोर त्याने कबुली दिली आणि त्याला शिक्षा झाली.

काका एकदाच ठाण्यावर आला, तेव्हा त्यालाही मी पेट्यांचं सांगितलं. "साहेब, हे पेट्यायचं मोहल्ल्यात सांगा. पन मी गेल्यावर सांगा."

"तुमच्यासमोरच सांगतो, भाऊ."

"नाई. माह्यासमोर त्यायले मान खाली घाला लागंल."

तो राजुऱ्याकडे बहिणीच्या घरी निघून गेला. मी मोहल्ल्यात जाऊन सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. एका म्हातारीने तो कुठे गेला म्हणून विचारलं, मी गाव सांगितलं. त्याला परत आणायला कोणी गेलं नाही.

मालगुजारावर कलम लागलं नाही, लागण्यासारखं त्याने काही केलंही नव्हतं. गुन्ह्याचा तपास पुरा होतो तिथे गुन्ह्याचं मूळ सापडतंच असं नाही, हे त्या प्रकरणात मला पहिल्यांदा उमगलं. पुढच्या निवडणुकीलाही माझी नेमणूक त्याच शाळेवर होती. मोहल्ला सकाळीच रांगेत आला. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मोजणीत या वेळी मालगुजाराच्या माणसाची पेटी भरलेली निघाली, आणि दुसऱ्या दिवशी तलावात मोहल्ल्याची जाळी पुन्हा पडली.