दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल

ओल्या फडक्यानं फळा पुसला, की त्या वासानं परभणीच्या कॉलेजातली एक दुपार आठवते. मी तिथं तासिका तत्त्वावर शिकवायचे. हेलियमचे दोन इलेक्ट्रॉन फळ्यावर काढून मी म्हणाले, "यांची अदलाबदल करा, समीकरणात फक्त उणे चिन्ह येतं, अणूला काही फरक पडत नाही." झरीहून येणारी एक मुलगी कळवळली, "मॅडम, लय वाईट वाटायलंय. त्याला सोताचं असं कायच न्हाई?" आम्ही सगळे हसलो. तेवढ्यात शिपाई दारात आला, "मॅडम, उद्यापासून तुमचे तास नवे सर घेणार हायत." मग त्याच मुलीनं विचारलं, "सर इथूनच पुढं शिकवतेल ना?" आज दुसऱ्या गावात मी तेच इलेक्ट्रॉन काढते. माझ्याआधी इथं कोण शिकवायचं, ते अजून एकाही पोरानं सांगितलेलं नाही.