फौजदाराच्या फाशीचा वाद आणि चिमणाबाईची म्हैस

चिमणाबाईचा आवाज काढायचा असेल तर दोन आवाज यावे लागतात. एक म्हशीसाठी, एक माणसांसाठी. म्हशीसाठीचा पोटातून, ओला, जवळजवळ गुणगुणल्यासारखा: "सोड गं चंद्रे, सोड की माझी बाय, पावणं उभारल्यात." आणि त्याच श्वासात, वळूनसुद्धा न बघता, माणसांसाठीचा: "ए टोपीवाल्या, माग सर! तुझं तोंड बघून जनावर भ्यालं!" पहिला आवाज जमायला वर्ष लागतं. दुसरा घसा बसला की आपोआप जमतो.

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर ती रोज संध्याकाळी वडणग्याहून चंद्री म्हशीला घेऊन चालत यायची. कट्ट्यावर दूध येत नाही, म्हैस येते. गिऱ्हाइकानं भांडं आणायचं, डोळ्यांसमोर धार काढून घ्यायची, आणि फेसासकट तोंडाला लावायची. रांगेत माणसं नसतात, भांडी असतात. पेले, तांबे, किटल्या, चरव्या जमिनीवर ओळीनं मांडायच्या आणि मालकांनी कट्ट्यावर बसून जगाचे निकाल लावायचे. चिमणाबाईचा कायदा एका ओळीचा होता: "ज्येचं भांडं म्होरं, त्येची धार म्होरं."

हा कायदा एकानंच मोडू बघितला होता. फौजदाराचा ऑर्डर्ली किटली घेऊन यायचा आणि बाकीची भांडी पायानं सारून ती पहिली ठेवायचा. तिसऱ्या खेपेला चिमणाबाईनं किटली उचलली आणि नेऊन ओळीच्या टोकाला ठेवली.

"अगं ए, सायबाची किटली हाय ती!"

"किटली सायबाची असंल. म्हस माझी हाय."

दुसऱ्या दिवशी चंद्री कोंडवाड्यात. गुन्हा, रहदारीला अडथळा. तिला सोडवायला चिमणाबाईबरोबर कृष्णात गेला होता. तिच्याच गावचा, शेजारच्या आक्काचा एकुलता पोरगा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. तोच चंद्रीचा दोर धरून पुलावरनं तिला घरी घेऊन गेला.

त्यानंतर दोन वर्षांनी त्याच फौजदारानं कृष्णातला चोरीच्या संशयावरून ठाण्यात नेलं. सकाळी आक्काला सांगण्यात आलं की पोरगं जिन्यावरून पडून गेलं. ठाणं बैठं होतं. त्याला जिनाच नव्हता.

खटला चालला. ठाण्यातल्याच दोन शिपायांनी खरं ते सांगितलं. आणि ७९ साली एका शनिवारी सेशन कोर्टानं फौजदाराला खुनाबद्दल दोषी धरलं. शिक्षा काय, ते मंगळवारी. आता, कोल्हापूरला तीन दिवस मोकळे दिले तर कोल्हापूर काय करणार? सगळं गाव जज्ज झालं. सलूनमध्ये अर्ध्या दाढीनं माणसं उठून भांडायला लागली. फाशी का जन्मठेप? आणि ह्या वादाचं हायकोर्ट म्हणजे दूधकट्टा.

फाशीच्या बाजूला हंबीरराव वस्ताद. जुने पैलवान, आता तालीम चालवायचे. ह्यांचा आवाज काढायचा तर रिकाम्या बंबात तोंड घालावं. जन्मठेपेच्या बाजूला रिटायर झालेले यज्ञेश्वर मास्तर. त्यांच्यासाठी नाक चिमटीत धरावं आणि दर वाक्याच्या शेवटी 'असं माझं मत आहे' लावावं. हंबीररावांची चरवी घागरीएवढी, मास्तरांचा पेला औषधाच्या मापाएवढा.

"फाशी!" हंबीरराव म्हणाले. "वर्दीत खून म्हंजे दुप्पट खून. उलटा टांगून फाशी!"

"उलटं टांगून फाशी होत नाही, हंबीरराव. त्याला गळा लागतो. शिवाय आता कायदा असा आहे की फाशी द्यायची तर विशेष कारण लिहावं लागतं. असं माझं मत आहे."

"जिना नसताना जिन्यावरनं पाडला! ह्येच्यापरास इशेष काय पायजे तुमास्नी? लिफ्ट?"

सगळा कट्टा हसला. मास्तरही हसले, पण लगेच सावरले. "फाशीनं पोरगं परत येणार आहे का?"

"आन् जन्मठेपेनं येतंय व्हय?"

मास्तरांनी पेला पुसला.

रविवारी संध्याकाळी ओळीच्या टोकाला एक नवा तांब्या आला. ठेवणारी बाई डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी जाऊन उभी राहिली. फौजदारीणबाई. श्यामलाताई म्हणायचे तिला. निकाल लागल्यावर तिच्या रतिबाच्या गवळ्यानं दारच चुकवलं होतं, आणि घरात लहान लेकरू.

हंबीरराव उठले, तांब्या उचलला आणि ओळीबाहेर नेऊन ठेवला.

"ह्या घरात ही धार जायाची न्हाय."

चिमणाबाई चंद्रीच्या कुशीला डोकं टेकून धार काढत होती. डोकं न हलवता म्हणाली, "वस्ताद, तांब्या हुता तितं ठेवा."

"मावशे, फौजदाराचा तांब्या हाय ह्यो! तुझी म्हस कोंडवाड्यात घातलेल्याचा! कृष्णात तुझ्या गावचा न्हवं का?"

"मला काय सांगालाईसा? ह्या काखंत घिऊन हिंडवलाय त्येला. फौजदाराला फाशी व्हावी म्हणून देवीला नवस बोललोय मी. पर खटला फौजदारावर चालला. तांब्यावर न्हाय चालला."

"मग तालमीची चरवी उद्यापासनं यायची न्हाय."

आता हे काही साधं बोलणं नव्हतं. चंद्रीचं निम्म्याहून जास्त दूध पैलवानांच्या खुराकाला जायचं. तालीम गेली तर चिमणाबाईची चूल निम्मी विझली. तिचा हात थांबला. क्षणभर वाटलं, ती काहीतरी मऊ बोलेल.

पण हंबीररावांना राहवेना. पैलवान माणूस, बोललेल्यावर शिक्का हवाच. त्यांनी मांडीवर शड्डू ठोकला. थाप! आखाड्यात ह्या आवाजानं समोरचा पैलवान बिचकतो. इथं समोर म्हैस होती. चंद्रीनं लाथ झाडली, मास्तरांचा पेला गटारात गेला, आणि तिनं पान्हा आखडला. चिमणाबाईनं गोंजारलं, गुणगुणली, पोटातला आवाज पणाला लावला. थेंब नाही.

ती उठली. कमरेवर हात. दुसरा आवाज.

"झालं समाधान? म्हशीम्होरं शड्डू ठोकतोय! उद्या बोक्याला चितपट करशील! घ्या आता, फाशीवाल्यास्नी बी दूध न्हाय, जन्मठेपवाल्यास्नी बी न्हाय. जावा घरला रिकामी भांडी वाजवत!"

सोमवारी तालमीची चरवी खरंच आली नाही. हंबीरराव त्याच कट्ट्यावर चार म्हशी पलीकडं आकाराम गवळ्याकडं जाऊन बसले. पण बंबातला आवाज चार म्हशींनी अडतो होय? तिकडं "फाशी!" झालं की इकडं चंद्रीचे कान उभे राहायचे. शेवटी चिमणाबाईनं हुकूम काढला: आपल्या म्हशीभोवती वाद घालायचा तर हळू. मग काय सांगावं! मास्तर कुजबुजले की सायकलच्या ट्यूबमधून हवा गेल्यासारखं वाटायचं. "विशेषऽ कारणऽ" म्हणताना त्यांची कवळी शिट्टी घालायची. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा एवढा बारीक आवाज कोल्हापुरानं कधी ऐकला नसेल.

तांब्या त्या दिवशीही ओळीत होता. तो बघून आणखी चारदोन गिऱ्हाइकांनी आपली भांडी उचलली आणि आकारामकडं नेली. मास्तरांनी मात्र नवा पेला आणून नेमका तांब्याच्या मागं ठेवला, आणि ठेवून इकडंतिकडं बघितलं. चिमणाबाई अर्धी कास भरलेली म्हैस घेऊन परत गेली. पुलापर्यंत चंद्री हंबरत होती आणि बाई एक शब्द बोलत नव्हती. दोन्ही आवाज बंद.

मंगळवारी दुपारी निकाल आला. जन्मठेप.

संध्याकाळी आकारामच्या म्हशीपाशी हंबीररावांनी जज्जापासून शिपायापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. इकडं लोक मास्तरांना म्हणाले, "जिंकलासा की हो."

मास्तर म्हणाले, "मला आनंद नाही झालेला. असं माझं..." आणि वाक्य तिथंच राहिलं.

तेवढ्यात कोर्टातनं आक्का आली. चिमणाबाईबरोबर चालत गावी जायचं म्हणून कट्ट्यावर टेकली. दिवसभर उपाशी, डोळे कोरडे. पाठोपाठ श्यामलाताई आली. तिनं आक्काला बघितलं, तांब्या कसाबसा ओळीला लावला आणि भिंतीकडं तोंड केलं.

आता हंबीररावांना राहवतंय? आले तरातरा. पण ह्या खेपेला हळू बोलले, आणि त्यांचं हळू म्हणजे आमचं नेहमीचं. "आक्का, ह्यो तांब्या कुणाच्या घरचा, ठावं हाय?"

"हाय."

धार थांबली. चिमणाबाई म्हशीच्या पोटाखालनं बाहेर आली. तिनं फौजदाराला विचारलं नव्हतं, वस्तादांना विचारलं नव्हतं. आक्कापुढं मात्र उकिडवी बसली.

"आक्के, तू सांग. तू न्हाय म्हटलंस तर ह्यो तांब्या भरत न्हाय. तालमीसाठनं न्हाय, तुझ्यासाठनं."

आक्का बराच वेळ हातातल्या पिशवीचा बंद पिळत राहिली.

"मला त्या बाईचं तोंड बघायचं न्हाय," ती म्हणाली. "आज न्हाय, कवाच न्हाय." मग पदरानं मान पुसून म्हणाली, "पर तिचं भांडं हाय नव्हं ओळीत? भर जा आन् चल. अंधार पडालाय."

चिमणाबाई उठली. नंबर आला तसा तांब्या भरला. श्यामलाताईनं तो उचलला आणि मान खाली घालून गेली. चिमणाबाईनं पुढची धार मास्तरांच्या पेल्यात काढली, आणि मास्तरांनी तो पेला न विचारता आक्काच्या हातात दिला. आक्का प्याली.

बुधवारी ओळीत तालमीची चरवी होती. कुणी आणून ठेवली कुणास ठाऊक, हंबीरराव तर लांब पानपट्टीपाशी पाठ करून उभे होते, गंगावेस प्रथमच बघत असल्यासारखे. ओळीत चरवीपुढं तांब्या होता. तांब्या भरला, गेला, मग चरवी भरली. तेव्हा कुठं ते पाऊल न वाजवता आले, चिमणाबाईच्या कानाशी वाकले, आणि जन्मात पहिल्यांदा खरंखुरं कुजबुजले.

"मावशे, फाशीच व्हाय पायजे हुती."

"व्हय की," चिमणाबाई तेवढ्याच हळू म्हणाली. "सरका जरा, उजेड अडालाय."