आबांची तांबडी खूण

शोभे, मी बारामतीला निघाले त्या सकाळी वरकुट्याच्या फाट्यावर माझी पत्र्याची पेटी तूच धरून उभी होतीस. एसटी हलली, खिडकीतून मागं पाहिलं, तर माझ्या आबांचा हात तुझ्या खांद्यावर. चुलत बहीण असलीस म्हणून काय झालं, मला ते बघवलं नाही, खिडकीची काच ओढून घेतली.

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस ते. आबा हायस्कुलात शिपाई. इंग्रजी येत नव्हतं, तरी मी शाळेत असताना माझा इंग्रजी निबंध रोज तेच तपासायचे. मी एकेक वाक्य वाचायचं, मग त्यांना मराठीत सांगायचं. त्यांना ते खरं वाटलं की खाली तांबड्या पेन्सिलीची खूण. एकदा मी गाईडातून उतरवलं, आई हसतमुखानं स्वयंपाक करते. आबा म्हणाले, "तुजी आय धुरात कवा हसली गं?" मी ते खोडलं.

बारामतीत कॉलेज करता करता मी बंगल्यांतल्या पोरांचा इंग्रजीचा होमवर्क घेऊ लागले. एसे, ग्रामर, टेस्ट असले शब्द तोंडात बसले. त्या पोरांना खरं-खोटं कुणी विचारत नव्हतं, मीही नाही. अशात आबांचं पत्र आलं. शोभी आता माझ्यापाशी बसती, लई खरं लिहिती. जळले बाई मी.

दिवाळीला आले, तर माझी निबंधाची वही तुझ्या मांडीवर. आबांनीच दिलेली. तुझी दहावी तोंडावर होती, हे मला चांगलं माहीत होतं. तरी निघताना मी ती गुपचूप पिशवीत कोंबली. तू घर पालथं घातलंस म्हणे. मग स्वतःचंच लिहीत गेलीस, पास झालीस आणि गावातच मास्तरीण झालीस. संध्याकाळी आबांपुढं तुझ्याच शाळेतली पोरं वाचत बसतात.

परवा पुण्याच्या माझ्या घरून येताना ती वही आणली. मीच नेली होती म्हणून सांगितलं, तर तू म्हणालीस, ठाऊक होतं. आबांना आता नीट दिसत नाही. "वाच," म्हणाले. मी पहिलं वाक्य वाचलं आणि सवयीनं मराठीत सांगितलं, माझं घर वरकुट्याला आहे.

आबांची तांबडी पेन्सिल कानावरच राहिली.

"खाली खूण असंल बघ," आबा म्हणाले. "तवा खरं हुतं."

तू मान खाली घातलीस. हेच वाक्य तू वाचलं असतंस, तर आबांनी न बघता खूण केली असती. अजून जळते मी, शोभे.